वायुमंडल आणि सागर विज्ञानाचं एम.एस्सी.: पहिल्या वर्षानंतरचा अनुभव

बी.एस्सी. फिजिक्स संपवलेली ओळखीची मुलं प्रवेशाच्या दिवसांत एकच प्रश्न विचारतात: हे घ्यावं का? मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात हा कोर्स करतेय. दोन सेमिस्टर झाली, निकाल लागला, डोकं जरा थंड झालंय. प्रॉस्पेक्टस तुम्ही वाचालच, त्यामुळे प्रत्यक्षात हातात काय पडतं तेवढंच लिहिते.

सुरुवातीलाच सांगते, पाऊस कधी पडेल हे सांगायला शिकवणारा हा कोर्स नाही. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. आई फोन करून विचारते, "अगं, उद्या कुरडया घालायच्यात, ऊन राहील ना?" आणि मी चारचौघांसारखी हवामान खात्याची साइट उघडते. पहिल्या सेमिस्टरला वाट्याला येतं ते व्हेक्टर कॅल्क्युलस, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, थर्मोडायनॅमिक्स आणि रेडिएशन. ढगांचे फोटो काढायला आवडतात एवढ्या भांडवलावर येणार असाल तर आधी एस.वाय.ची गणिताची वही काढा आणि कर्ल, डायव्हर्जन्स न बघता सोडवता येतात का ते पाहा. आमच्या वर्गातले जे गळले ते इथेच गळले.

या कोर्सचा कणा म्हणजे डायनॅमिक्स. फिरत्या पृथ्वीवर हवा आणि पाणी कसं वाहतं, हे न्यूटनच्या नियमांपासून उभं करायचं. शिकवणाऱ्या मॅडम उत्तम, फळ्यावर एकही पायरी गाळत नाहीत. माझी तक्रार पाठ्यक्रमाबद्दल आहे. जवळजवळ प्रत्येक उदाहरण ४५ अंश उत्तरेला राहतं. पृथ्वी फिरते म्हणून वाहती हवा आणि पाणी बाजूला वळतं, तो कोरिऑलिस परिणाम; त्याचा गुणांक सेकंदाला ०.०००१ धरा, असं गृहीतक गणितागणिक येतं. पुण्याला, म्हणजे साडेअठरा अंशांवर, तोच गुणांक ०.००००४६ भरतो, निम्म्याहूनही कमी. एकदा ढकलून सोडलेलं पाणी नुसत्या कोरिऑलिसमुळे वर्तुळ पूर्ण करायला ४५ अंशांवर सुमारे १७ तास घेतं, आपल्याकडे जवळपास ३८.

हा फरक नुसता आकड्यांचा नाही. दाबाचा जोर आणि कोरिऑलिस यांचा तोल साधून वारा समदाब रेषांना समांतर वाहतो, हे या विषयातलं पहिलं मोठं सूत्र. ते चालतं का हे रॉसबी नंबरवरून ठरतं: वाऱ्याचा वेग भागिले (कोरिऑलिस गुणांक गुणिले अंतर). उत्तर एकपेक्षा बरंच लहान आलं तर सूत्र वापरा. युरोपवरच्या हजार किलोमीटरच्या वादळाला, सेकंदाला १० मीटर वारा धरून, ०.१ येतं. छान. बंगालच्या उपसागरातून ओडिशावर चढणारा कमी दाबाचा पट्टा घ्या, ३०० किलोमीटर आणि सेकंदाला १५ मीटर वारा. उत्तर एकच्या आसपास. म्हणजे आठवडाभर घोटलेलं सूत्र ज्या पावसासाठी आपण इथे आलो त्यालाच नीट लागू पडत नाही. ही गोष्ट पाठ्यक्रमात कुठेच ठळक लिहिलेली नाही. मॅडमनी ती एका असाइनमेंटमधून आमच्याकडूनच काढून घेतली म्हणून कळली. दुसरा शिक्षक असता तर ४५ अंशांवरच राहून परीक्षा दिली असती आणि चांगले मार्कही पडले असते.

त्याच पेपरातला थर्मल विंडचा भाग मात्र एकट्याने वर्षाची फी वसूल करून देतो. आडव्या दिशेने तापमान बदलत असेल तर उंचीबरोबर वारा बदलतो, इतकंच ते सूत्र. ध्रुवाकडे गार म्हणून वर पश्चिमेकडून येणारे जेट (उंचावरचे अतिवेगवान वारे), हे पुस्तकातलं उदाहरण. मग जुलैचा डेटा उघडायला लावला. पावसाळ्यात तिबेटच्या बाजूची वरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा उबदार असते, उतार उलटा, म्हणून सूत्रानुसार वाराही उलटा यायला हवा. १५० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) या पातळीवरचा नकाशा काढला, म्हणजे साधारण १४ किलोमीटर उंची, आणि भारताच्या दक्षिण भागावरून आफ्रिकेकडे पूर्वेचा जेट सरळ धावताना दिसला. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये याच जेटवर लिहिलं होतं. स्वतः काढलेल्या नकाशात तो दिसला तेव्हा आम्ही तिघी-चौघी लॅब बंद होईपर्यंत बसून होतो.

मान्सूनचा पेपर दुसऱ्या सेमिस्टरला. इथे शाळेत पाठ केलेलं बरंच काही पुसावं लागतं. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून समुद्रावरून वारे येतात: सातवीपासून हेच लिहून मार्क मिळवले. पण जमीन सर्वात तापते मेमध्ये. नागपूरचं कमाल तापमान तेव्हा सरासरी ४२ च्या पुढे असतं, जुलैत ते ३२ च्या आसपास उतरतं आणि पाऊस जोरात असतो. वर ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जमीन जास्त तापलेली. नुसता जमीन-समुद्राचा तापमानातला फरकच सगळं चालवत असता तर दुष्काळात पाऊस वाढायला हवा होता. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहांच्या चित्रांवरून दाखवलं की मान्सूनचा ढगांचा पट्टा म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टाच उत्तरेला सरकलेला असतो आणि समुद्रावर उगवलेले नवे पट्टे मोसमात पुन्हापुन्हा जमिनीवर चढत राहतात. गाडगीळ मूळच्या पुण्याच्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. त्यांचाच १९८४ चा निबंध, सहलेखकांसह, समुद्राचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते, हे सांगणारा. हे दोन्ही निबंध आम्हाला मुळातून वाचायला लावले आणि त्यावर व्हायवा घेतली. अख्ख्या वर्षातला सर्वात चांगला निर्णय.

प्रॅक्टिकलमध्ये टेफिग्राम, म्हणजे उंचीनुसार हवेचं तापमान आणि दमटपणा दाखवणारा आलेख, हाताने भरायला लावतात. सुरुवातीला सगळे कुरकुरतात, कारण हेच काम कॉम्प्युटर क्षणात करतो. ही मापं घेणारे बलून जगभर एकाच वेळी सोडतात, आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. त्याची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर फुकट मिळते. मुंबईचा स्टेशन नंबर ४३००३, तेवढा लक्षात ठेवा. एप्रिलमधल्या मुंबईचा आलेख पेन्सिलीने भरताना खालचा दमट थर आणि त्याच्यावर बसलेली कोरडी, गरम हवा समोर येते. घामाने जीव जातोय पण पाऊस नाही, याचं कारण भोवतालच्या हवेच्या तापमानाची रेषा आणि खालून वर चढणाऱ्या हवेची रेषा यांच्या मधल्या क्षेत्रफळात असतं. क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा, ही या आलेखाची गंमत. चौकोन मोजत बसावं लागतं म्हणून ती डोक्यात राहते.

रेडिएशन ठीक. क्लायमेट चेंजचा पेपर वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नवीन काही देत नाही, शिवाय परीक्षेत टिपा लिहायला येतात.

आता समुद्र. कोर्सच्या नावात तो अर्धा असला तरी वेळापत्रकात जेमतेम चौथा हिस्सा मिळतो, तोही बाहेरून येणाऱ्या सरांच्या सोयीने शनिवार-रविवारी कोंबलेला. फिरत्या टाकीचं टेबल आहे, पण आमच्या वर्षभरात ते चालू झालं नाही, प्रयोग व्हिडिओवर पाहिला. सागर विज्ञानच करायचंय हे ज्याचं पक्कं आहे त्याने आमच्यासारख्या विभागात येण्याआधी दोनदा विचार करावा आणि गोव्याकडे चौकशी करावी.

तरीही जे मिळालं त्याने माझा कल बदलला. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याने आर्क्टिकच्या मोहिमेत बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे सरकताना पाहिला, त्यावरून स्वीडनच्या एकमनने १९०५ मध्ये गणित मांडलं. तेच गणित सोमालियाच्या किनाऱ्याला लावा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, वरच्या थरातलं पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खालून गार पाणी वर येतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही तिथे काही ठिकाणी पाणी २० अंशांच्या खाली जातं.

मग तीन सागरशास्त्रज्ञांचे निबंध: स्वेरड्रुप १९४७, स्टॉमेल १९४८, मंक १९५०. महासागराच्या पश्चिम काठाला प्रवाह का जोरदार, हे तिघांनी एकापाठोपाठ सोडवलं, आणि पाठ्यपुस्तक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या गल्फ स्ट्रीम प्रवाहावर येऊन थांबतं. आपला समुद्र तिथे बसत नाही. इथे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो, आणि उत्तरेला जमिनीने दार बंद केलेलं. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे, चक्क वाऱ्याच्या विरुद्ध वाहतो. का? त्याच्या उत्तरातला मोठा हिस्सा बंगालच्या उपसागरात आहे. तिथल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालतात आणि केरळ, कर्नाटक, गोवा करत वर येतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं यात मोठं काम आहे. वारा विशाखापट्टणमकडे, पाणी मालवणला! सरांनी हे फक्त एका तासात उरकलं. मला त्यावर महिना हवा होता.

न्यूमेरिकल मेथड्सला, म्हणजे समीकरणं आकडेमोडीने सोडवण्याच्या पेपरला, लोक उगाच घाबरतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्डसनने हाताने गणित करून काढलेला आणि १९२२ मध्ये छापलेला हवामानाचा अंदाज सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असा आला, म्हणजे साफ फसला, ही गोष्ट सांगूनच पेपर सुरू होतो. पुढे प्रत्येक मॉडेलमधली वेळेची पायरी किती लहान हवी ते काढायचं. जाळीचं अंतर २५ किलोमीटर आणि सर्वात वेगवान लाट सेकंदाला ३०० मीटर असेल तर साध्या पद्धतीत पायरी ८३ सेकंदांहून मोठी चालत नाही. घेतली तर स्क्रीनवर आकडे फुटतात. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ते फुटताना एकदा बघाच, पुस्तकापेक्षा लवकर समजतं.

लॅपटॉपबद्दल बरेच जण विचारतात. सगळं काम लिनक्सवर, पायथनमध्ये. ग्रॅड्स हे सॉफ्टवेअरही शिकवतात, जुनं आहे पण झटपट नकाशा काढायला अजून बरं. रॅम १६ जीबी घ्या, आठवर दम लागतो. ईआरए५ हा युरोपियन हवामान केंद्राचा डेटा १९४० पासून तासागणिक, पाव अंशाच्या जाळीवर मोफत मिळतो. मोफत आहे म्हणून सगळी पृथ्वी उतरवू नका. एकाच चलाचं (समजा तापमानाचं) एक वर्ष, तेही फक्त जमिनीलगतचं, सुमारे १८ जीबी होतं. तेच ५ ते ४० उत्तर आणि ६० ते १०० पूर्व एवढा तुकडा कापून मागवला तर अर्ध्या जीबीच्या आत. होस्टेलच्या वाय-फायवर हा फरक म्हणजे रात्र आणि चहाचा ब्रेक इतका. समुद्राच्या आतलं तापमान आणि क्षारता हवी तर आर्गोच्या तरंगत्या यंत्रांचा डेटा घ्या. ती दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून वर येतात. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून आपल्या समुद्रातला मिळतो. आर्गोवरचं माझं आवडतं काम: अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या क्षारतेचे उभे आलेख शेजारी लावणं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड्या पाण्याचं झाकण उपसागरावर कसं बसतं ते न शिकवता कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी: भाषेने अडत नाही. समीकरणं सगळ्यांना सारखीच छळतात. प्रेझेंटेशनला पहिले दोन-तीन वेळा त..त..प..प.. होतं, मग सुटतं. इंटर्नलचे मार्क मात्र सबमिशनच्या तारखेवर जास्त आणि कामाच्या दर्जावर कमी मिळतात, हे आमच्या विभागाचं दुखणं आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटसाठी एसएससीमार्फत (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) परीक्षा होते आणि तिला पदवी पुरते. फक्त तेच हवं असेल तर दोन वर्षं इथे घालवू नका, थेट तयारीला लागा. संशोधनात जायचं असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये पृथ्वी, वायुमंडल, सागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र पेपर असतो. त्यात भूगर्भशास्त्रही येतं, जे आम्हाला शिकवतच नाहीत. गेटमध्ये इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात वायुमंडल-सागर हा विभाग निवडता येतो, तो आपल्या अभ्यासाला जवळचा. पुण्यात असाल तर पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत उन्हाळी प्रोजेक्टसाठी डिसेंबरपासूनच मेल टाकायला लागा, एप्रिलमध्ये जागा भरलेल्या असतात. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस बाहेरून तरी बघून या. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं ते तिथे.

तिसऱ्या सेमिस्टरला दोन इलेक्टिव्ह आहेत. वर्गातले बहुतेक जण मेसोस्केल मॉडेलिंग घेतायत कारण डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवता येणं बायोडेटावर चांगलं दिसतं. मी किनारी सागरविज्ञान घेतलंय. विद्यार्थी कमी भरले तर ते रद्द होणार, अशी नोटीस लागलीय. किमान पाच हवेत, आम्ही चार आहोत. येणाऱ्या सोमवारी प्रथम वर्षाच्या बॅचसमोर पाच मिनिटं बोलायची परवानगी मिळालीय, पण त्यांना ते पुढच्या वर्षी उपयोगी. यंदाचा पाचवा अजून शोधतेय.