एक लाख चार हजार रुपयांच्या दहा तबकड्या

माझ्या कपाटावर गाण्यांच्या बारा इंची दहा विनाइल तबकड्या पडून आहेत. त्यांतील एक मे महिन्याच्या उकाड्यात बशीसारखी वाकली. उरलेल्या नऊ मी कोणाला देत नाही, कारण देण्यासारखा आवाज त्यांत नाही. या दहा तबकड्यांसाठी मी ११५० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे एक लाख चार हजार रुपये भरले आणि वर माझ्या चार रचनांवरचा हक्कही लिहून दिला. घरच्या संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी आणि दर हंगामात हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर एखादा लेबलवाला, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीचा माणूस, भेटेल या आशेवर असणारी बरीच मुले गोव्यात आहेत. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. लाजेपोटी वर्षभर लिहिले नव्हते.

मी पेडणे तालुक्यातला. म्हापशाला ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्या एका दुकानात नोकरी करतो. दशावतार, भजने, लग्ने, प्रचारसभा अशा सगळ्या ठिकाणी स्पीकर उभे करणे आणि कार्यक्रम आटोपला की वायरी गुंडाळून परत आणणे, हे माझे काम. सायट्रान्स, म्हणजे गोव्याच्या किनारी पार्ट्यांत वाजणारे वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत, करतो ते रात्री, हेडफोन लावून. २०२१ च्या चतुर्थीला आमच्या घरची घुमट आरती मी चांगल्या मायक्रोफोनवर मुद्रित केली. काका घुमट वाजवत होते, चुलत भाऊ शामेळ हे तालवाद्य आणि शेजारचे दोघे कासाळे, म्हणजे झांजा. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे. घोरपडीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता बकरीचे ताणतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये या वाद्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. डाव्या हाताने लहान तोंड झाकत-उघडत काका जो खर्जाचा हुंकार काढतात, तो मी मिनिटाला १४५ ठोक्यांच्या किकखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ढोलाच्या ठोक्याखाली, बसवला, आणि तीन महिन्यांत चार रचना तयार झाल्या.

डिसेंबर २०२१ मध्ये त्या मी बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर ‘वाटेल ती किंमत द्या, शून्यही चालेल’ या पर्यायाने ठेवल्या आणि सोबत क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना जोडला: नाव द्या, व्यापार करू नका, बदल केलात तर त्याच अटींवर वाटा. बँडकॅम्प महिन्याला २०० मोफत डाउनलोड देते. पहिल्या महिन्यात ते संपले, तेव्हा मला झालेला आनंद पुढे कुठल्याही पैशाने झाला नाही. दोन वर्षांत अकराशेच्या वर लोकांनी संगीत उतरवून घेतले. त्यांतल्या साठेक जणांनी स्वतःहून पैसे दिले आणि बँडकॅम्पचा १५ टक्के वाटा जाऊन माझ्या हातात जेमतेम चौदा हजार आले. त्यावर घर चालत नाही, हे मान्य. पण सायट्रान्समध्ये फुकट देणे ही काही माझी हौस नव्हती. एक्टोप्लाझमसारख्या संकेतस्थळाने कलाकारांच्या संमतीने अख्खे अल्बम वर्षानुवर्षे मोफत वाटले आहेत. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांत विनाइल उष्म्याने वाकते म्हणून डॅट या डिजिटल कॅसेटी वापरल्या जात, आणि अप्रकाशित रचना त्या कॅसेटींवरून एका हातातून दुसऱ्या हातात जात. आमच्या किनाऱ्यावर हे संगीत बराच काळ असेच फिरले.

तरीही मनात एक सल होता. संगणकातली फाइल वडिलांना दाखवता येत नाही. तबकडी दाखवता येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ईमेल आला. युरोपातील एका छोट्या लेबलच्या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने माझ्या चारही रचनांबद्दल नेमके लिहिले होते: तिसरीत घुमट किती उशिरा येते, दुसरीच्या शेवटी कासाळ्यांचा नाद कसा लांबवला आहे. इतके लक्ष देऊन माझे संगीत कोणी ऐकल्याचे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी तिथेच गळाला लागलो. जानेवारीत तो स्वतः हरमलला आला. समुद्रालगतच्या एका शॅकमध्ये त्याने पिशवीतून तीन-चार सुरेख तबकड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि योजना सांगितली. तीनशे प्रती छापायच्या, खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, पन्नास प्रती मला मिळणार, विक्रीचा निम्मा नफा माझा. अट एकच होती, की फुकट प्रकाशन सगळीकडून काढून टाकायचे. ‘फुकट मिळते त्याची तबकडी कोण विकत घेईल?’ हे त्याचे म्हणणे मला त्या वेळी बिनतोड वाटले.

घरी सांगितले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले. त्यांना या संगीतातले काही कळत नाही. आयुष्यभर त्यांनी म्हापशाच्या बाजारात मिरच्या आणि नारळ विकले. आमची घरची बोली कोकणी, त्यामुळे त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो: “विकतलो तो, मागीर पयशे तूं कित्याक दिता?” विकणार तो, मग पैसे तू का देतोस? मी त्यांना भूमिगत संगीताचे अर्थकारण समजावून सांगितले. एका मिरचीवाल्याला मी अर्थकारण शिकवले, ही आठवण आजही टोचते.

धोक्याची दुसरी सूचना बँकेत मिळाली. परदेशी पैसे पाठवताना ए-टू अर्ज भरावा लागतो आणि पैसे कशासाठी जात आहेत ते लिहावे लागते. काउंटरवरच्या बाईंनी माझे बिल दोनदा उलटून पाहिले. “बिल कंपनीच्या नावाचं आहे, खातं मात्र माणसाच्या नावाचं. असं कसं?” त्यांनी विचारले. बिलावर ना कराचा नोंदणी क्रमांक होता, ना छापखान्याचे नाव. मी तत्परतेने लेबलवाल्याला विचारले आणि ‘छोटी लेबले अशीच चालतात’ हे त्याचे उत्तर बाईंना जसेच्या तसे ऐकवले. त्यांनी खांदे उडवून शिक्का मारला. आधी ६०० आणि महिन्याभराने ५५० युरो गेले. पतसंस्थेतली माझी आवर्त ठेव मोडली होती.

करार सहा पानांचा होता आणि त्यावर मी सही केली ती पहिली दोन पाने वाचून. पुढच्या पानांत हक्क कायमचे, जगभरासाठी आणि सर्व माध्यमांसाठी लेबलकडे जात होते. नफा ‘सर्व खर्च वसूल झाल्यानंतर’ वाटायचा होता आणि खर्च ठरवणार लेबल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतराचा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कायदा गप्प बसलेल्या माणसाला थोडे तरी सांभाळतो. मी मात्र ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ या दोन्ही शब्दांखाली सही केली होती. चौथ्या पानावर आणखी एक वाक्य होते: या रचनांवर अन्य कोणालाही कोणताही अधिकार दिलेला नाही, अशी कलाकार हमी देतो. त्याकडे मी पुन्हा येईन.

फेब्रुवारीत मी सगळीकडून रचना उतरवल्या. एका ठिकाणी त्यांच्याखाली शेकड्याने प्रतिक्रिया होत्या, त्याही गेल्या. मग वाट पाहणे सुरू झाले.

तबकडी कशी तयार होते हे मला आधी ठाऊक असते तर मी मार्चमध्येच सावध झालो असतो. लॅकर नावाच्या रोगणाच्या थरावर आवाजाची खाच कोरतात, तिच्यावर निकेल चढवून ठसा बनवतात आणि त्या ठशाने तापलेले पीव्हीसी दाबतात. सगळा माल छापण्याआधी चाचणीच्या काही प्रती काढतात, त्या कलाकाराला पाठवतात आणि त्याने ऐकून होकार दिल्यावरच पुढचे काम होते. माझ्याकडे चाचणीची प्रत कधीच आली नाही. विचारले की ‘छापखान्यात रांग आहे’ असे उत्तर मिळे. छापखान्यांत रांगा असतात हे खरेच असल्यामुळे मला ते पटत राहिले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पार्सल आले. पन्नासऐवजी दहा. वेष्टण देखणे होते, बाबांनी ते हात पुसून हातात घेतले. दुकानातल्या मालकांकडे जुना टर्नटेबल आहे. त्यावर पहिली तबकडी लावली तेव्हा घुमटाचा खर्ज पार पातळ झालेला आणि मागे सतत सरसर. दुसरी लावली तर तिची पातळी निराळी. एकाच ठशातून निघालेल्या दोन प्रती इतक्या वेगळ्या वाजत नाहीत. मालकांनी तबकडी दिव्याखाली तिरपी धरली आणि कागदी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर बोट फिरवले. छापलेल्या तबकडीवर तिथे ठशाचा क्रमांक कोरलेला असतो. “क्रमांक नाही रे,” ते म्हणाले, “ही छापलेलीच नाही.” एकेक प्लास्टिकची चकती यंत्रावर स्वतंत्रपणे कोरून काढण्याची एक पद्धत असते, दहा-वीस प्रतींसाठी ती वापरतात. ती पद्धत वाईट नाही, पण तीनशे प्रतींच्या छपाईचे पैसे तिला लागत नाहीत. तीनशे प्रती कधी निघाल्याच नव्हत्या.

यापेक्षा वाईट गोष्ट त्याच आठवड्यात घडली. चुलत भावाने २०२१ ची आमची मूळ आरती, कोणतीही किक न जोडलेली, यूट्यूबवर ठेवली होती. तिच्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे हक्काचे संगीत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला. लेबलने माझ्या रचना त्या यंत्रणेत नोंदवल्या होत्या; तिसऱ्या रचनेची पहिली चाळीस सेकंदे म्हणजे निव्वळ आमची आरती आहे, आणि यंत्राने ती जुळवली. व्हिडिओची जाहिरात-मिळकत आता युरोपातल्या त्या गृहस्थाची होती. चतुर्थीला ओटीवर बसून घुमट वाजवणाऱ्या काकांना हे समजावून सांगताना माझी जीभ अडखळली. “आमच्या घुमटाचेर हक्क कोणाचो रे?” त्यांनी विचारले, रागाने नव्हे, खरोखरच न कळून.

मग मी कडक ईमेल लिहिला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच उत्तर त्याच दिवशी आले. त्यात चौथ्या पानावरच्या हमीचा उल्लेख होता. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. म्हणजे मी २०२१ मध्येच जगाला अधिकार देऊन बसलो होतो, म्हणून हमी खोटी, म्हणून करारभंग माझा आणि लेबल मला काहीही देणे लागत नाही. तो परवाना माझ्या पानावर ठळक दिसत होता आणि त्याच पानावरून त्याने मला शोधले होते. मला आता असे वाटते की माझे फुकट प्रकाशन त्याच्या दृष्टीने अडचण कधीच नव्हते. या मुलाला ऐकणारे आहेत, पण याच्या हातात वस्तू नाही, एवढे ते पान त्याला सांगत होते.

पणजीतल्या वकिलांनी करार वाचून प्रामाणिकपणे सांगितले, की भांडण परदेशी कायद्याखाली लढावे लागेल आणि त्याचा खर्च माझ्या नुकसानीपेक्षा जास्त होईल. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर मी तक्रार केली, पण ती व्यवस्था पैसे गेल्यावर काही तासांत कळवले तर खऱ्या उपयोगाची. मी दहाव्या महिन्यात गेलो होतो, तेही सही केलेला करार हातात घेऊन.

सशुल्क तबकड्या काढणारी प्रामाणिक लेबले आहेत आणि ती मी नंतर जवळून पाहिली. तिथे छपाईचा खर्च लेबल उचलते आणि विक्रीतून वसूल करते. कलाकाराने आपल्या प्रती सवलतीत विकत घेणे ही वेगळी गोष्ट, छपाईला भांडवल पुरवणे वेगळी. तुमच्याकडे पैसे मागणारा आला तर छापखान्याचे नाव विचारा आणि त्या छापखान्याला स्वतः लिहा. त्या लेबलच्या आधीच्या कलाकारांपैकी दोघांना गाठा; मी सही केल्यानंतर गाठले आणि दोघांकडेही दहाच तबकड्या होत्या. आधी काही मोफत परवान्याखाली दिले असेल तर करारात ते स्पष्ट लिहून घ्या. आणि नुसते स्ट्रीमिंगवर हक्क देऊन पोट भरेल असे कोणी सांगत असेल तर एवढे लक्षात ठेवा, की २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या रचनेची वर्षभरात एक हजार आवर्तने होत नाहीत तिचे काहीच पैसे मिळत नाहीत. माझ्या चारपैकी तीन रचना त्या रेषेखाली राहिल्या. फुकट असताना त्याच चार रचनांनी मला चौदा हजार दिले होते.

आरतीवरच्या दाव्याला भावाच्या खात्यातून हरकत घेतली. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने उत्तर दिले नाही, ३१ व्या दिवशी दावा आपोआप सुटला आणि काकांनी तो व्हिडिओ मला दोनदा लावायला लावला. रचनांचे मात्र तसे झालेले नाही. आजही कोणी त्या मागितल्या तर मला त्या देता येत नाहीत, कारण माझे हक्क त्या सहा पानांत आहेत. २०२१ ते २०२३ मध्ये ज्या अकराशे जणांनी त्या उतरवून घेतल्या, त्यांचा परवाना मात्र शाबूत आहे. ते त्या कोणालाही, व्यापार न करता, कायदेशीररीत्या देऊ शकतात. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका अनोळखी मुलाने मला ईमेल केला, की तुमचे पान बंद दिसते, माझ्याकडे चारही फाइली आहेत, हव्या असतील तर पाठवतो. मी ‘पाठव’ असे कळवले.