हरवलेलं दप्तर शोधून देणारी शहापूरची सेवा: शोध चोख, नोंदी मात्र तपासून घ्या

दिवंगत अभ्यासकांचं दप्तर, म्हणजे त्यांची टिपणं, मोडी नकला, अप्रकाशित लेख शोधून, लावून, स्कॅन करून देणारी ही सेवा बेळगाव, खानापूर, निपाणी भागात काम करते. शोधाच्या कामात ही मंडळी मुरलेली आहेत.

सुरुवातीलाच अभ्यासकाच्या अक्षराचा नमुना आणि छापील लेखनाची यादी मागतात. यादी हवी असते ती मुद्रकाच्या नावासाठी. मुद्रणप्रत, म्हणजे छपाईसाठी दिलेलं हस्तलिखित, छापखान्यातून पुष्कळदा परत येतच नाही. खिळ्यांचा छापखाना बंद पडला की गठ्ठे मालकाच्या माळ्यावर जातात. म्हणून शोध आधी तिथं, त्यानंतर प्रस्तावनेत आभार मानलेली माणसं, मग शिष्य, शेवटी रद्दीवाले. घरचे लोक नेमके रद्दीवाल्यापासून सुरू करतात आणि तिथंच थकतात.

दप्तर सापडलं की कागद बांधलेला रुमाल सोडण्याआधी फोटो, मग प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं आकडा. विषयवार लावण्याची घाई करत नाहीत, हे उत्तम. तारीख नसलेल्या टिपणाचा काळ शेजारच्या पत्रावरूनच लागतो. गंजलेली टाचणी ओढत नाहीत, खाली प्लास्टिकची पट्टी सरकवून सोडवतात. कागद खाणारी कसर असेल तर हवाबंद पिशवीत उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू देत नाहीत, कारण गार कागदावर बाष्प धरतं आणि शाई फुटते. खानापूरकडचं दप्तर भर पावसात जागेवर उघडत नाहीत. लॅमिनेशन कितीही मागा, करून मिळणार नाही, आणि ते बरंच आहे.

खरी खोट कागदांच्या यादीतल्या नोंदींत. मोडी कागदांवरचा सुहूर सन (अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं वर्ष) काही ठिकाणी फसली, म्हणजे महसुली वर्ष, धरला आहे. सुहूरमध्ये 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, फसलीत 590 किंवा 591. म्हणजे ‘इसन्ने अशर मया व अलफ’ (दोन, दहा, शंभर आणि हजार), सुहूर 1112, हा 1711-12 चा कागद 1702-03 मध्ये जाऊन बसतो. अशी यादी पाहून संशोधन केलं तर पेशवाईआधीची दोन प्रकरणं एकात मिसळायची. अक्षरी सन स्वतः वाचून घ्यावा.

वारसांची लेखी संमती आधीच घ्या. कागद ज्याच्या कपाटात, छापायचा हक्क त्याचाच असतो असं नाही.

न मागता फक्त पीडीएफ देतात. 400 डीपीआयचं (इंचाला 400 ठिपके) रंगीत टिफ, म्हणजे न दाबलेली चित्रफाइल, मागा. ए-4 पान साधारण 46 एमबीचं होतं, हजार पानांना 46 जीबी. तेव्हा पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क घेऊन जा.