शेटलंडचा विणकामाचा पट्टा: कोकणातला एक पावसाळा काढल्यावर

वेंगुर्ल्यात राहून मी लोकरीचं विणते. बाळंतविडे, मोजे आणि मुख्य म्हणजे जाळीच्या शाली. या शालींसाठीच गेल्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर गेले. 2010 पासून तिथे दरवर्षी ‘शेटलंड वूल वीक’ हा लोकरीचा उत्सव भरतो. ॲबर्डीनहून रात्रभर बोटीने शेटलंडमधलं लर्विक, तिथून येल बेट ओलांडून अन्स्ट बेटावर. शेवटचे दोन टप्पे आपल्या दाभोळ-धोपावेसारख्या, गाड्या घेणाऱ्या फेरीबोटीने. अन्स्टच्या हॅरल्ड्सविक गावातल्या संग्रहालयात जुन्या शाली आहेत, अंगठीतून आरपार निघतील इतक्या तलम. त्यांच्यासाठी मेंढीच्या मानेची सर्वांत मऊ लोकर हातांनी उपटून घेत. मी काचेपाशी उभी राहून टाके मोजत होते, हलवेना.

येताना चामड्याचा पट्टा घेतला. कमरेला बांधायचा, उजव्या बाजूला लांबट गोल गादी येते. आत घोड्याचे केस ठासलेले, वरच्या चामड्याला भोकं. दोन्ही टोकांना अणी असलेल्या सुईचं एक टोक भोकात रोवायचं की सुईचा भार पट्टा घेतो. उजव्या हाताने सुई धरून ठेवायला लागत नाही, बोटं फक्त लोकर टाकतात. तिथल्या बायका पाठीवरच्या टोपलीत पीट, म्हणजे जळणासाठी वाळवलेली दलदलीची माती, वाहताना चालता चालता विणत, ते या पट्ट्याच्या जोरावर. कमरेला बांधल्यावर हे खरं पटतं.

सुरुवातीला माझे टाके सैल पडले, कारण जुन्या सवयीने मी सुईच हलवत होते. कोपर अंगालगत ठेवून नुसतं तर्जनीने काम करायला लागल्यावर हात बसला. आता सुलट ओळी झपाझप सरकतात. मोठा फरक मनगटात. पूर्वी शालीची कड विणताना ते भरून यायचं, आता संध्याकाळभर विणलं तरी ठणकत नाही. जाळीच्या ओळीत, जिथे दोन टाके एकत्र घेऊन मध्ये भोक सोडायचं, तिथे वेग फारसा वाढत नाही. तिथे थांबून मोजावंच लागतं.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली. आषाढात गादीच्या शिवणीवर हिरवट बुरशी आली, कपाटात ठेवूनसुद्धा. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवला, चामड्याचं मेण लावलं. तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवते. उन्हात टाकू नका, चामडं कडक होऊन भोकांच्या कडा चिरतात. लोकरीला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या वापरते, पण त्या पट्ट्याजवळ नाही, वास जात नाही.

शाल धुऊन ताणल्याशिवाय नक्षी उघडत नाही. तिकडे लाकडी चौकटीवर ताणतात, मी झोपायच्या गादीवर चादर घालून टाचण्या लावते. श्रावणात ती पंख्याखालीही लवकर सुकत नाही, म्हणून मोठी शाल गणपतीनंतरच ताणायला घेते.

वर्षाला एखादाच स्वेटर विणणाऱ्यांना हा खर्च करा म्हणणार नाही. रोज विणणाऱ्यांनी जरूर घ्यावा. बांधून बघा, गादी कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे यायला हवी. आणि सुया लांबच घ्या, साधारण 35 सेंटीमीटरच्या, स्टेनलेस स्टीलच्या. मोज्यांच्या आखूड सुया भोकात रोवल्यावर टाक्यांना जागाच उरत नाही.