एकच संध्याकाळ मोकळी असेल तर : 'द इंग्लिश पेशंट' की 'कॅसाब्लांका'?

दुसऱ्या महायुद्धातली प्रेमकथा बघायची म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालंय, दोन्हींत उत्तर आफ्रिका आहे, दोन्हींतली नायिका विवाहित आहे आणि, योगायोग बघा, दोन्हींत एक 'लास्लो' आहे. साम्य इथेच संपतं. १९४२च्या 'कॅसाब्लांका'त युद्धापुढे प्रेम मागे सरतं. १९९६च्या 'द इंग्लिश पेशंट'मध्ये प्रेमापुढे युद्ध, मित्र, देश सगळंच मागे पडतं. यातलं कुठलं तुम्हाला पचेल, यावर बराचसा निर्णय अवलंबून आहे. ('कॅसाब्लांका'चा शेवट बहुतेकांना न बघताच ठाऊक असतो. 'द इंग्लिश पेशंट'चा शेवट फोडत नाही, पण मधली एक गोष्ट सांगावीच लागेल.)

आधी 'द इंग्लिश पेशंट', कारण शंका त्याच्याबद्दलच जास्त घेतली जाते. मायकल ओंडाट्जे यांच्या बुकर मिळालेल्या कादंबरीवरून अँथनी मिंगेला यांनी तो केला. १२ नामांकनं आणि त्यांपैकी ९ ऑस्कर. लांबी १६२ मिनिटं. इतकं कौतुक झालेल्या चित्रपटाला कंटाळवाणा म्हणणारेही सुरुवातीपासून होते, आणि त्यांचं सगळंच चूक नाही.

युद्ध संपत आलंय. इटलीतल्या एका पडक्या मठात हाना नावाची नर्स एका जळालेल्या, मरणपंथाला लागलेल्या माणसाची शुश्रूषा करतेय. तो कोण, हे कुणालाच माहीत नाही. त्याच्या आठवणींतून आपण तीसच्या दशकातल्या वाळवंटात जातो. तिथे अल्माशी हा नकाशे करणारा संशोधक आणि कॅथरीन ही त्याच्या सहकाऱ्याची बायको. या दोन काळांमधली ये-जा इतकी अलगद आहे की वर्तमानातून भूतकाळात कधी शिरलो ते कळत नाही. चादरीच्या चुण्यांवरून कॅमेरा वाळूच्या लाटांवर जातो, एखादा आवाज त्या काळातून या काळात ओढून आणतो. ही वॉल्टर मर्च यांची करामत. संकलन आणि ध्वनी या दोन्हींची ऑस्कर त्यांनी याच चित्रपटासाठी घेतली. जॉन सील यांचं छायाचित्रण तर कुणी नाकारूच शकणार नाही. तंत्राच्या बाजूने या चित्रपटाचं कौतुक तसूभरही जास्त झालेलं नाही.

प्रश्न आहे तो मुख्य प्रेमकथेचा. तिची सुरुवात उत्तम आहे. शेकोटीभोवती सगळे बसलेत आणि कॅथरीन प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमधली गोष्ट सांगते : बायकोच्या रूपाचा गर्व असलेला राजा ते रूप आपल्या विश्वासू माणसाला चोरून बघायला लावतो, राणीला ते कळतं, आणि ती त्या माणसाला म्हणते, राजाला मार नाहीतर तू मर. नवरा शेजारीच बसून कौतुकाने ऐकतोय. अल्माशी काहीच बोलत नाही, फक्त बघतो. पुढे काय होणार ते आपल्याला तिथेच कळतं. कॅथरीन झालेली क्रिस्टिन स्कॉट थॉमस या प्रसंगात जे करते, ते पुढच्या तासाभरात ती आणि अल्माशी झालेला रेफ फाइन्स मिळूनही पुन्हा साधत नाहीत. प्रकरण सुरू झाल्यावर दोघं सुंदर दिसतात, सुंदर वाक्यं बोलतात, आणि आपण थोडे बाहेरच राहतो. अल्माशी हा मुळातच स्वतःत गुंतलेला माणूस. त्याच्या दुःखाची दया येते, पण त्याच्याबद्दल माया वाटत नाही.

आणि आता ती मधली गोष्ट. कॅथरीनपर्यंत परत पोचता यावं म्हणून अल्माशी वाळवंटाचे नकाशे जर्मनांना देतो. चित्रपट हे लपवत नाही. जर्मनांनी ज्याचे अंगठे छाटले तो काराव्हाजो हिशेब मागायला मठात येतोच. पण हिशेब सुरू होतो न होतो तोच तो माफ होतो. आपण एव्हाना इतकं रडलेलो असतो की विचारायचं राहून जातं. खरा लास्लो अल्माशी जर्मन सैन्याच्या बाजूने काम करत होता. १९४२ मध्ये त्याने दोन जर्मन हेरांना वाळवंटातून इजिप्तमध्ये पोचवलं. तो जळून मेलेला नाही, १९५१ मध्ये साल्झबर्गला आजारपणात गेला. कादंबरीकाराला कल्पनेची मोकळीक असतेच. तरी ज्या कृत्याच्या मुळाशी प्रत्यक्षात युद्धातली बाजू होती, तिथे एका स्त्रीसाठीची तडफड ठेवली की अपराधाचा रंग किती सहज बदलतो, हे जाणवल्याशिवाय राहत नाही.

मग चित्रपटात जीव कशात आहे? माझ्या मते हाना आणि किपमध्ये. किप हा ब्रिटिश सैन्यातला शीख लेफ्टनंट, बॉम्ब निकामी करणं हे त्याचं काम. नवीन अँड्र्यूज या अभिनेत्याने त्याला रुबाबही दिलाय आणि लाजराबुजरा खट्याळपणाही. एका रात्री तो हानाला अंधाऱ्या चर्चमध्ये नेतो, दोराचा झोपाळा करून तिला बसवतो आणि दुसऱ्या टोकाला स्वतः लोंबकळून वर चढवतो. तिच्या हातात पेटती मशाल. उजेड सरकेल तसतशी भिंतीवरची चित्रं एकेक करून दिसू लागतात आणि हाना झालेली ज्युलिएट बिनोश लहान मुलीसारखी हसते. ही चित्रं इटलीतल्या आरेत्झोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमधली, चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची. युद्धाने पोळलेल्या दोन माणसांना एकमेकांत काय सापडलं, ते वाळवंटातल्या सगळ्या प्रसंगांपेक्षा इथे जास्त कळतं. रुग्णाला किपलिंग वाचून दाखवताना लाहोरच्या तोफेच्या वाक्यावर किप अडतो, तीही जागा चुकवू नका : शहरातल्या घराघरातून भांडी गोळा करून ही तोफ ओतली आणि पुढे आमच्याच लोकांवर डागली, असं तो शांतपणे ऐकवतो.

दुर्दैवाने किपची धार पुढे बोथट केलीय. कादंबरीत जपानवर पडलेल्या अणुबॉम्बची बातमी येते आणि गोऱ्यांच्या युद्धात राबलेला हा तरुण उन्मळून पडतो. चित्रपटात ते नाहीच, त्याच्या एका सहकाऱ्याच्या मृत्यूवर काम भागवलंय. बिनोशला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं ते योग्यच, पण 'सहाय्यक' हे वर्गीकरणच चित्रपटाचा तोल कुठे चुकला ते सांगतं.

'कॅसाब्लांका'बद्दल इतकं सांगावं लागत नाही. १०२ मिनिटं, जवळपास सगळं स्टुडिओत उभारलेलं, पटकथा चित्रीकरण सुरू असताना लिहिली जात होती. वाळवंट नाही, भव्यता नाही. कथेचा कणा असलेली ती प्रवासाची परवानापत्रं तर निव्वळ काल्पनिक. मोरोक्कोत घडूनही मोरोक्कन माणसाला यात स्थान जवळपास शून्य, हा मोठा दोष आहे आणि तो आज जास्त खुपतो.

पण त्यात युद्ध खरं आहे, कारण ते सुरूच होतं. चित्रपट नोव्हेंबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कला लागला तेव्हा कोण जिंकणार हे ठरलेलं नव्हतं. नायक रिकच्या कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणू लागतात, नायिकेचा नवरा लास्लो बँडला 'मार्सेयेज' हे फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, वादक रिककडे बघतात आणि तो मान हलवतो. फक्त तेवढंच. मग सगळा कॅफे उठून गातो. त्यात रडत गाणारी अभिनेत्री मादलेन लबो दोन वर्षांपूर्वी स्वतः पॅरिसहून जर्मनांपासून पळालेली. जर्मन मेजरची भूमिका करणारा कॉनराट फाइट नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेला. ते डोळ्यांतलं पाणी दिग्दर्शकाला मागावं लागलं असेल असं वाटत नाही. हंफ्री बोगार्ट आणि इंग्रिड बर्गमन यांच्या प्रेमाला वजन येतं ते आजूबाजूच्या या माणसांमुळे.

तेव्हा संध्याकाळ एकच असेल, किंवा सोबत बघणाऱ्याला संथ चित्रपटांची सवय नसेल, तर बिनधास्त 'कॅसाब्लांका' लावा. तो जुना वाटेल ही भीती पहिल्या पंधरा मिनिटांत जाते, संवाद अजूनही खणखणीत आहेत. 'द इंग्लिश पेशंट'साठी सुट्टीची दुपार राखून ठेवा आणि तो लॅपटॉपवर, तुकड्यातुकड्यांत बघू नका. तसा बघितला तर कंटाळा येणार, आणि मग दोष चित्रपटाला देऊ नका. मोठा पडदा, चांगला आवाज आणि घाई नसलेलं मन असेल तर नऊ ऑस्करांपैकी सात-आठ तरी पटतील. कादंबरी वाचायची असेल तर ती मात्र नंतर वाचा. आधी वाचलीत तर किपच्या बाबतीत जे गमावलंय ते प्रत्येक प्रसंगात टोचत राहील.

आणि दोन्ही बघून झाले असतील, तर १९५७चा रशियन 'द क्रेन्स आर फ्लाइंग' शोधा. त्यात परदेशी कॅफेही नाही आणि वाळवंटही नाही, मागे राहिलेली एक मुलगी आहे.