आईच्या जबड्याचा सीबीसीटी: स्कॅनला पैकीच्या पैकी, सीडीला भोपळा

आधी थोडी पार्श्वभूमी. आईचा ब्रेस्ट कॅन्सर हाडात गेलाय म्हणून झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं हाडाची झीज रोखणारं इंजेक्शन चालू होतं, दर महिन्याला 4 मिलिग्रॅम. या औषधावर असताना दाढ काढली की कधीकधी जबड्याचं हाड मरतं, हे आम्हाला नंतर कळलं. मधेच खालची दाढ दुखायला लागली, जवळच्याच एका डेंटिस्टने पाच मिनिटांत उपटून दिली, कुठली औषधं चालू आहेत विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. जखम काही भरेना. अडीच महिने झाले तरी खड्डा तसाच, तोंडाला वास, जीभ लावली की टोचायचं. आई म्हणायची शेंगदाण्याचं काहीतरी अडकलंय. टॉर्च मारून बघितलं तर पिवळट हाड.

सर्जनने सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन) लिहून दिला तो या सेंटरला केला. इथली टेक्निशियन मुलगी म्हणजे सोनं. कानातलं-गळ्यातलं सगळं काढावं लागतं, आणि आईच्या कुड्यांचे मळसूत्र कित्येक वर्षांत फिरलेले नाहीत, तर ही बाई साबणाचं पाणी घेऊन बसली आणि "काकू घाई नाही हो" म्हणत दोन्ही कुड्या काढल्या. स्कॅन स्वतः अर्ध्या मिनिटाच्या आतला, हनुवटी टेकवून स्थिर बसायचं, मशीन डोक्याभोवती फिरतं, बास. एमआरआयसारखं बोगद्यात झोपणं नाही.

पण चार स्टार देतोय ते रिपोर्टवाल्या डॉक्टरांसाठी. स्कॅन बघून ते बाहेर आले आणि आईलाच विचारलं, "हाडाचं इंजेक्शन किती दिवस घेताय? तोंडाला रेडिएशन दिलं होतं का?" चिठ्ठीवर यातलं काही नव्हतं. म्हणाले की हाडाचं साधं इन्फेक्शन, रेडिएशनने मेलेलं हाड आणि औषधाने मेलेलं हाड स्कॅनवर बरंचसं सारखंच दिसतं, हिस्ट्री नसेल तर मी फक्त 'ऑस्टिओमायलायटिस', म्हणजे हाडाचं इन्फेक्शन, लिहून मोकळा होईन. मग स्क्रीनवर दाखवलं, दाढ काढलेला खड्डा अजून रिकामा, आजूबाजूचं हाड नको इतकं पांढरं आणि दाट, मधे सुटा झालेला तुकडा, त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. आधीच्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या साध्या एक्सरेत) यातलं धड काही कळत नव्हतं, कारण साध्या एक्सरेत हाडातलं कॅल्शियम बरंच कमी झाल्याशिवाय फरक दिसतच नाही.

एक स्टार कापला तो सीडीसाठी. अहो आता कुठल्या लॅपटॉपला सीडी लागते? शेवटी पुतण्याच्या जुन्या डब्यावर लावली तर व्ह्यूअरच उघडेना, परत रिक्षा करून पेन ड्राइव्हवर घेऊन आलो. आणि पार्किंग नाही ते नाहीच.

बायोप्सीचं पण सांगतो कारण ती सोय याच बिल्डिंगमधल्या लॅबमध्ये आहे. या आजारात उगाच तुकडा काढत नाहीत, नवी जखमही भरेलच असं नसतं. पण आईचा कॅन्सर हाडात गेलेला, म्हणजे जबड्यातही तोच नाही ना हे बघणं भागच होतं, म्हणून सर्जनने तो सुटा तुकडा आणि बाजूचं थोडं मांस पाठवलं. काउंटरवर चार दिवस सांगितले, लागले अकरा. मी दोनदा भांडलो. मग आतल्या मॅडमनी समजावलं, हाड कडक असतं, आधी अ‍ॅसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात, मऊ झाल्याशिवाय पातळ काप निघत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी एवढा तापलो नसतो, अकरा रात्री आई झोपली नाही हो. रिपोर्टमध्ये हाडातल्या पेशींच्या जागा रिकाम्या (म्हणजे हाड मेलेलं), अ‍ॅक्टिनोमायसिस नावाच्या जंतूंच्या वसाहती, कॅन्सरच्या पेशी नाहीत. शेवटचे तीन शब्द आईने दोनदा वाचून घेतले.

जाणार असाल तर चालू औषधांची आणि इंजेक्शनांची यादी तारखांसकट न्या, पेन ड्राइव्ह न्या, आणि कुड्या घरूनच काढून जा.