कमोडच्या टाकीला तडा : सांधावी की बदलावी? तिन्ही ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमधल्या कमोडची सिरॅमिकची टाकी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तडकली. आधी ती इपॉक्सीने तात्पुरती सांधली आणि पुढे खालचे भांडे तसेच ठेवून फक्त टाकी बदलली. नव्या टाकीने आता पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू पाहिले आहेत, म्हणून हा अनुभव लिहितो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या निर्णयात पैशांचा हिशेब सर्वांत शेवटी करावा. डागडुजी करायची की नाही हे तडा कुठे गेला आहे त्यावरून ठरते, आणि फक्त टाकी बदलायची की सगळे कमोड, हे नवी टाकी जुन्या भांड्याशी कितपत जुळते त्यावरून ठरते.

मुळात तडा आहे की नाही हेच पावसाळ्यात लवकर कळत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत गार पाण्याने भरलेल्या टाकीला बाहेरून घाम सुटतो, खाली थेंब पडतात आणि माणूस ते पुसून विसरून जातो. आमच्या इमारतीत नळाच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळते, त्यामुळे आम्हाला एक खूण आयती मिळाली. टाकीच्या पुढच्या अंगाला, खालच्या कडेपासून तिरकी वर चढणारी क्षारांची एक पांढरी बारीक रेघ दिसू लागली. ती नखाने खरवडली की निघायची आणि काही दिवसांत त्याच जागी पुन्हा उमटायची. घाम साऱ्या पृष्ठभागावर पसरतो, एका रेघेत क्षार सोडत नाही. तरीही खात्री करण्यासाठी टाकीत कपड्यांची नीळ टाकली, बाहेरची बाजू पूर्ण कोरडी पुसली आणि त्या रेघेवर टिश्यू पेपर चिकटपट्टीने लावून ठेवला. सकाळी कागदावर निळी रेघ उमटलेली होती. टाकी आतून गळते की बाहेरून घामेजते हे ठरवण्याचा याहून सोपा आणि स्वस्त उपाय मला माहीत नाही. त्याच दिवशी तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खुणा केल्या. वरचे टोक हळूहळू खुणेच्या पुढे सरकत गेले आणि माझ्या दृष्टीने निर्णयाचा अर्धा भाग तिथेच झाला.

तडा पुढे का सरकतो हे समजून घेणे आवश्यक आहे. या टाक्या ज्या चिनी मातीच्या बनतात तिला व्हिट्रियस चायना म्हणतात. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर तिचा गाभा काचेसारखा घट्ट होतो आणि वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही पाणी शोषत नाही. हा पदार्थ दाब उत्तम सोसतो, पण ताण मुळीच सोसत नाही. लोखंड थोडे वाकते, प्लॅस्टिक थोडे ताणले जाते, चिनी माती मात्र सरळ तडकते. आणि एकदा चीर पडली की सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटतो. टाकीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे तळातल्या बोल्टच्या भोकांचा काठ. नट गरजेपेक्षा जास्त आवळला, रबरी वॉशर कडक होऊन दबेनासा झाला, किंवा लोखंडी बोल्ट गंजून फुगला, की चीर तिथूनच सुरू होते. आमच्या टाकीचे नेमके तेच झाले होते. प्लंबरने पाणी काढून टॉर्च आत धरला आणि म्हणाला, "साहेब, ही चीर बोल्टच्या भोकापासनं आलीया. वरनं कितीबी लिंपा, आज न्हाई तर उद्या उघडणारच." त्यानंतर त्याने बोटाच्या पेराने टाकी वाजवून दाखवली. मडके घेताना आपण जसे वाजवून पाहतो तसेच हे आहे : धडकी बाजू टणटणीत वाजत होती, चिरेजवळ आवाज बद्द येत होता.

पाण्याच्या जोराची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब मांडतो. टाकीत २५ सेंटिमीटर उंच पाणी असेल आणि पुढची भिंत ४० सेंटिमीटर रुंद असेल, तर त्या भिंतीवर पाण्याचा एकूण जोर सुमारे साडेबारा किलो वजनाइतका भरतो आणि त्याचा मोठा वाटा खालच्या अर्ध्या भागावर येतो. प्रत्येक फ्लशला हा जोर उतरतो आणि टाकी भरताना पुन्हा चढतो. पाण्याच्या पातळीखालच्या चिरेला अशी दिवसभर ओढाताण सोसावी लागते. टाकी अखेर फुटली तर त्यातले आठ-दहा लिटर पाणी सांडून प्रश्न मिटत नाही. टाकी भरतच नसल्यामुळे फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारी झडप, बंद होत नाही आणि गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहते. मिनिटाला पाच लिटरचा ओघ धरला, तरी १००० लिटर पाणी सव्वातीन-साडेतीन तासांत संपते. घरी कोणी नसताना हे घडले तर पाणी संकन भागात, म्हणजे बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट भरावात, मुरून खालच्या घराच्या छताला ओल येणार, पोपडे सुटणार. आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू आहेत. त्यांच्या बाथरूमच्या छताचा विचार करूनच आम्ही घराबाहेर पडताना कमोडचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करण्याची सवय लावून घेतली. टाकी तडकलेली असेल त्या प्रत्येकाने, पुढचा निर्णय काहीही असो, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आता इपॉक्सीविषयी. नवी टाकी मिळेपर्यंत आम्ही तड्यावर आतून दोन भागांची इपॉक्सी पुटी लावली. ती नीट बसवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून स्पंजने तळातले पाणी टिपून घ्यावे, चिरेच्या दोन्ही बाजूंचा गुळगुळीत थर बारीक पॉलिश पेपरने खरबरीत करावा, हेअर ड्रायरने हलक्या उबेवर ओल घालवावी आणि पुटी लावल्यावर पूर्ण एक दिवस पाणी सोडू नये. हे सारे पाळल्यावर आमची गळती थांबली आणि पावसाळ्याचे पहिले काही आठवडे टाकी कोरडी राहिली. श्रावणात पुटीच्या वरच्या टोकाच्या पुढे चीर सरकलेली दिसली आणि ओल पुन्हा सुरू झाली. पुटी जागच्या जागी पक्की होती, तडा तिला वळसा घालून पुढे गेला होता. म्हणून या पदार्थाला मी दोष देत नाही. तो भोक बुजवतो, पण चिनी मातीतला ताण कमी करत नाही.

याच्या उलट अनुभव माझ्या बहिणीच्या घरी आहे. तिच्या टाकीला फ्लशच्या दांड्याच्या भोकापासून वरच्या काठापर्यंत चीर आहे, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या चांगली वर. तिथे ना पाण्याचा जोर येतो, ना बोल्टचा ताण. तिची चीर अशीच इपॉक्सीने भरली आहे, पेन्सिलीच्या खुणा आजही जागच्या जागी आहेत आणि तिला टाकी बदलण्याचे काहीही कारण नाही. झाकण फुटले असेल तर तेही निश्चिंतपणे सांधून वापरावे. पाण्याच्या पातळीखालचा तडा, विशेषतः तळातला किंवा बोल्टच्या भोकाजवळचा, केसाएवढा असला तरी त्यावरची डागडुजी ही नवी टाकी येईपर्यंतची सोय समजावी.

टाकी बदलायचे ठरल्यावर खरे काम सुरू झाले. आमचे कमोड २००९ साली बसवलेले, दोन भागांचे. त्या मॉडेलची टाकी आता निघत नाही. दुकानात जाऊन "अशी टाकी द्या" म्हणून भागत नाही, कारण दोन बोल्टमधले अंतर, मधल्या मोठ्या भोकाचा व्यास, भांड्याच्या मागच्या पाटाचा आकार आणि भिंतीपर्यंत उरणारी जागा या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. मी जुनी टाकी उतरवून घेतली, भांड्याच्या पाटावर वर्तमानपत्र पसरले, कडा आणि तिन्ही भोके पेन्सिलीने घासून उमटवून घेतली आणि तो खाका कात्रीने कापून लक्ष्मीपुरीत घेऊन गेलो. दोन दुकानांत नुसत्या फोटोवरून "बसेल की" असे सांगण्यात आले. खाका लावून पाहिला तेव्हा बोल्टच्या भोकांत बोटभर फरक होता. पुढच्या एका दुकानदाराने मात्र मन लावून काम केले. गोदामातून एकेक टाकी आणून त्याने ती कागदावर ठेवून पाहिली आणि अखेर त्याच कंपनीच्या नव्या मालिकेतली एक टाकी तंतोतंत बसली. रंगात किंचित फरक आहे : भांडे पिवळसर पांढरे, टाकी निळसर पांढरी. सुरुवातीला तो डोळ्यांत भरत असे, आता घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

बसवताना मी आग्रहाने काही गोष्टी करून घेतल्या. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले. टाकी आणि भांडे यांमधले जाड रबरी गॅस्केट नवे घातले. जुने वरून ठीक दिसत होते, पण दाबल्यावर परत फुगत नव्हते. रबरी वॉशर टाकीच्या आत बोल्टच्या डोक्याखाली आला आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे, टाकी डुलायची थांबेपर्यंतच आवळले. प्लंबरचा हात सवयीने आणखी एका फेऱ्याकडे वळत होता, तो थांबवावा लागला. टाकी मागच्या भिंतीला टेकणार नाही एवढी फटही ठेवली.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. गळती शून्य आहे. नीळ आणि टिश्यूची परीक्षा दिवाळीत आणि पुन्हा उन्हाळ्यात घेतली, कागद कोरडा निघाला. नव्या टाकीत ३ आणि ६ लिटरचे दुहेरी फ्लश आहे आणि इथेच या निर्णयातली सर्वांत मोठी उणीव समोर आली. आमचे भांडे जुन्या, सुमारे १० लिटर सोडणाऱ्या टाकीसाठी घडवलेले आहे. त्याचा सापळा, म्हणजे तळाशी पाणी धरून ठेवणारी वळणदार वाट, आणि कडेचे पाणीमार्ग तेवढ्या पाण्याच्या लोटाची अपेक्षा धरतात. ३ लिटरच्या बटणाने लघवीपुरते काम व्यवस्थित होते. ६ लिटरचे बटण मात्र कित्येकदा अपुरे पडते आणि दुसऱ्यांदा दाबावे लागते. फ्लोट वर सरकवून पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या खुणेपर्यंत चढवली आणि बटण क्षणभर दाबून धरायला सर्वांना सांगितले, तेव्हा फरक पडला. दिवसाला माणशी चार वेळा छोटे आणि एकदा मोठे फ्लश धरले, तर कागदावर १८ लिटर लागतात. जुन्या टाकीला याच हिशेबाने ५० लिटर लागत. आमच्या भांड्यावर प्रत्यक्ष बचत कागदावरच्यापेक्षा कमी आहे, तरी ती लक्षणीय आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरतात, त्यातले ५० लिटर एकट्या फ्लशने नेणे मला पटत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यावर, चारी बाजूंना पाणी असताना आपण टँकरची वाट पाहिली आहे. २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले म्हणून ती आठवण पुसली जात नाही.

दोन तक्रारी आणखी नोंदवतो. फ्लोट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने आणि बोअरच्या क्षारांनी ती तुंबली आणि टाकी भरायला फार वेळ लागू लागला. जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासली की ओघ पूर्ववत होतो. जुन्या टाकीतल्या बॉल कॉकला, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या झडपेला, असली निगा लागत नसे. दुसरी तक्रार आईची आहे. तिची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत आणि झाकणावरचे बटण खोलवर दाबणे तिला जड जाते. जुन्या टाकीचा बाजूचा दांडा ती तळहाताने सहज खाली ढकलत असे. घरात वयस्कर माणसे असतील तर दुकानातच त्यांच्याकडून बटण दाबून पाहावे, किंवा दांड्याची टाकी मागावी.

खर्चाचे म्हणाल, तर टाकी, आतले सामान, गॅस्केट आणि मजुरी मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. सगळे कमोड बदलायचे तर भांडे, भोवतीचे पांढरे सिमेंट फोडणे आणि हादऱ्याने एखादी फरशी गेलीच तर तिची दुरुस्ती धरून तिप्पट तरी आकडा सांगितला गेला. त्यातच एस-ट्रॅपचे, म्हणजे भिंतीच्या फरशीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर जुळावे लागते. भिंतीवर जुन्या फरशीवरच नवी फरशी लावलेली असेल तर हे अंतर घटलेले असते, म्हणून ते जुन्या नकाशावरून न घेता टेपने मोजावे.

घरातले दुसरे कमोडही २००९ चेच आहे. त्याची टाकी धडकी आहे, पण भांड्याच्या तळाशी बारीक चिरांचे जाळे दिसते आणि फ्लश मंदावला आहे. तिथे टाकीपुरती खटपट न करता, भांडे आणि टाकी एकमेकांसाठीच घडवलेला, बाजूला दांडा असलेला पूर्ण संच बसवण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि ते काम पावसाआधी उरकायचे आहे.