समोरासमोर बसण्याआधीची तालीम: विद्यापीठातील कॉन्फ्लिक्ट कोचिंग

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील ज्या सरकारी विद्यापीठात मी पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, तेथे विद्यार्थ्यांना ‘कॉन्फ्लिक्ट कोचिंग’ ही सेवा विनामूल्य मिळते. कोणाशी तरी वाद झालेला विद्यार्थी एकटाच कोचसमोर बसतो आणि त्या व्यक्तीशी काय, केव्हा व कोणत्या शब्दांत बोलायचे याची तासाभरात तयारी करतो. दुसऱ्या पक्षाला बोलावले जात नाही, कळवलेही जात नाही. मध्यस्थी करायची तर दोघेही राजी असावे लागतात आणि अनेकदा दुसरा येतच नाही. अशा वेळी आलेल्या एकाला तरी मदत करता यावी, या विचाराने सिडनीचे मॅक्वारी आणि फिलाडेल्फियाचे टेंपल या विद्यापीठांत १९९० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडून येणाऱ्या मुलामुलींना तिची माहिती क्वचितच असते, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा प्रश्न घरातला होता. ज्या ताईंबरोबर मी राहते त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यावर असलेल्या. मी आले तेव्हा विमानतळावर घ्यायला त्याच आल्या होत्या, बँकेचे खाते उघडण्यापासून थंडीचे कपडे घेण्यापर्यंत सगळे त्यांनीच करून दिले. पुढे त्यांची एक मैत्रीण ‘थोडे दिवस’ म्हणून हॉलमध्ये राहायला आली आणि राहिलीच. विजेचे बिल वाढले, भाडे मात्र आम्ही दोघीच भरत होतो. आमच्या भाडेकरारात नोंद नसलेल्या व्यक्तीला दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि करार संयुक्त असल्यामुळे नियम कोणीही मोडला तरी घरमालक दोघींनाही जबाबदार धरू शकतो. हे सगळे कळत असूनही ज्या व्यक्तीचे इतके उपकार आहेत तिच्यापाशी पैशांचा विषय काढायला जीभ रेटत नव्हती.

पहिल्या भेटीपूर्वी एक प्रश्नावली भरून घेतात. थॉमस आणि किलमन यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या या प्रश्नावलीत विधानांच्या ३० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक विधान निवडत गेले की स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणे आणि नमते घेणे या पाच प्रवृत्तींपैकी आपला कल कोणीकडे आहे ते दिसते. माझा कल नमते घेण्याकडे निघाला. प्रश्नावलीचा उपयोग माझ्या मते इथवरच आहे. माणूस नमते घेतो हे ती सांगते, कोणासमोर आणि कशापोटी घेतो हे सांगत नाही.

खरे काम त्यानंतरच्या संभाषणात झाले. कोचबाईंनी सल्ला जवळजवळ दिलाच नाही, पण प्रश्न फार नेमके विचारले. मी जे सांगत होते त्यातले प्रत्यक्ष पाहिलेले किती आणि मनाने जोडलेले किती, हे त्यांनी कागदावर वेगळे लिहायला लावले. ‘ताई मला गृहीत धरतात’ हे वाक्य दुसऱ्या रकान्यात गेले. पहिल्यात उरले ते बिलांचे आकडे, मैत्रीण आल्याची तारीख आणि करारातले कलम. मग त्यांनी विचारले की बोलल्याने काय गमावण्याची भीती वाटते. उत्तर देताना मला प्रथमच उमगले की मी ताईंच्या उपकारांची परतफेड न बोलता, भाड्याच्या रूपाने करत होते, आणि त्यांना याची कल्पनाही नसावी.

एका ठिकाणी मात्र ही सेवा कमी पडत होती. ‘मला असे वाटते’ अशा वाक्यांनी बांधलेला ईमेल आधी पाठवावा, असे त्यांनी सुचवले. एकाच घरात राहणाऱ्या मोठ्या बहिणीसारख्या व्यक्तीला लेखी कळवणे म्हणजे संबंध तोडल्याची सूचनाच ठरली असती. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी आग्रह लगेच सोडला आणि जे बोलायचे ते मराठीतच म्हणून दाखवायला सांगितले. त्यांना एक अक्षर कळत नव्हते; तरी आवाज कुठे खाली गेला, कुठे मी घाईने पुढे सरकले, हे त्यांनी अचूक दाखवले, आणि ती नेमकी पैशांचीच वाक्ये होती. या तालमीसाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन.

बोलणे झाले, चहाबरोबर. ताई आधी दुखावल्या, पण पुढच्या महिन्यापासून मैत्रीण वीज आणि इंटरनेटचा वाटा देऊ लागली आणि सत्र संपल्यावर तिने दुसरे घर घेतले. आमच्यात थोडे अवघडलेपण अजून आहे.

वाद गाइडशी असेल तर मात्र या सेवेवर भिस्त ठेवू नये. आपले मानधन आणि शुल्कमाफी ज्याच्या शब्दावर अवलंबून आहे आणि पूर्णवेळ प्रवेश सुटला तर व्हिसाही धोक्यात येतो, अशा माणसासमोर नीट मांडलेले वाक्य पुरेसे बळ देत नाही. तेथे विद्यापीठाच्या ऑम्बुड्स कार्यालयात, म्हणजे तक्रारी तटस्थपणे ऐकून घेणाऱ्या कार्यालयात, आधी जावे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल बंधनकारक केले आहेत, पण ती वाट संस्थेविरुद्धच्या तक्रारीची आहे; दोन रूममेटमधल्या धुसफुशीसाठी आपल्या वसतिगृहांतही अशी एखादी खोली असावी, असे मला मनापासून वाटते.

गोपनीयतेबद्दल पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. आमच्याकडे कोच हे विद्यापीठाचे कर्मचारी आहेत आणि लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर ती कळवणे त्यांना भाग असते. भाडेकराराचा अर्थही ते सांगत नाहीत, त्यासाठी विद्यार्थ्यांच्या कायदा-साहाय्य केंद्राकडे पाठवतात. सत्राच्या अखेरीस वेळ मिळणे कठीण होते, तेव्हा बिले आणि कराराची प्रत घेऊन सत्राच्या मध्यावरच नाव नोंदवावे.